गॅस आला, तरी बंब धुमसतोच आहे

प्रश्न : माझं सासर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. घरात सात माणसं. सासूबाई ५८ वर्षांच्या, लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढंच. बिडी-सिगारेट कधी नाही, मशेरी तेवढी लावतात. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्यांनीही जन्मात बिडी ओढली नव्हती. डॉक्टर 'चुलीचा धूर असेल' म्हणाले, तेव्हापासून माझी झोप उडालीय. आमच्याकडं गॅस आहे, पण चहा, दूध आणि भाजीपुरता. भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी बंबात, आणि बंब स्वयंपाकघराला लागूनच्या न्हाणीत. पावसाळ्यात जळण ओलं असलं की घरभर धूर होतो. सासूबाई म्हणतात, "आमची सासू चुलीवरच राबली आणि नव्वदीपर्यंत जगली." दिवाळीनंतर नणंद बाळंतपणाला येणार आहे. धुरानं खरंच कॅन्सर होतो का? सासूबाईंचं सीटी स्कॅन करून घेऊ का? आणि चूल बंद करायची तर सुरुवात कुठून करू?
– एक सून, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : ताई, होतो. पण किती, ते आधी समजून घ्या, म्हणजे भीती जागेवर राहील आणि काम पुढं सरकेल.

कॅन्सर कशानं होतो याची छाननी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था फ्रान्समध्ये ल्योनला आहे. तिथल्या तज्ज्ञांनी २००६ साली घरगुती इंधनाचा विचार केला. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर त्यांनी पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारा, शंका नाही. लाकूडफाटा आणि तत्सम जळणाचा धूर दुसऱ्या गटाच्या वरच्या पायरीवर ठेवला : 'बहुधा कॅन्सर करणारा'. कोळशाचा पुरावा भक्कम आहे तो मुख्यतः चीनमुळं. युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात घरात उघड्यावर धुरकट कोळसा जाळायचे, आणि तिथं बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाचा कॅन्सर भयंकर होता. पुढं ज्या घरांनी चुलीला धुराडं बसवलं, तिथं हे प्रमाण जवळपास चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांनी खाली आलं. एकवीस हजारांवर शेतकऱ्यांची १९७६ ते १९९२ ची नोंद त्यासाठी तपासली होती. फरक दिसायला मात्र दहा वर्षं लागली.

आपल्याकडं घरात दगडी कोळसा जळत नाही. लाकूड, शेणी, पाचट, तुरीच्या काट्या जळतात. त्या धुरानं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका किती वाढतो, याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात. कुठं थोडी वाढ दिसते, कुठं दुपटीच्या घरात जाते. सिगारेटीनं तोच धोका पंधरा ते तीस पट होतो. आणि भारतात वर्षाकाठी लाख बायकांमागं पाचाच्या आतच बायकांना हा कॅन्सर निघतो. वय वाढेल तसा आकडा चढतो हे खरं, पण लहान आकड्याची दुप्पट लहानच राहते. घरात कुणी पुरुष बिडी ओढत असेल, तर पहिली ती अंगणाबाहेर घालवा.

मग धुराकडं दुर्लक्ष करायचं का? मुळीच नाही. कॅन्सरचं नाव मोठं, पण चुलीचा धूर माणसाला त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या वाटेनं गाठतो. फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसतात. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, गावात 'दमा' किंवा 'छाती भरते' म्हणतात. चढ चढताना थांबावं लागणं, सकाळी खोकल्याची उबळ, थंडीत छातीतून सूं-सूं आवाज. त्याखेरीज मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात यांतही धुराचा वाटा आहे. सासूबाईंच्या सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या, चांगलंच झालं. पण त्याच वाडीत साठीला धाप लागून गेलेल्या बायका मोजल्या, तर त्या सगळ्यांच्या नावापुढं 'म्हातारपण' एवढंच लागलेलं असतं.

आता तपासण्या, थोडक्यात. खोकला, धाप, वजनात घट असं काही नसेल, तर सीटी स्कॅन करू नका. कमी मात्रेच्या सीटीनं चाळणी करतात ती वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांसाठी. नुसत्या चुलीच्या धुरासाठी तसा प्रघात नाही. आपल्याकडं जुन्या टीबीचे डाग अनेकांच्या छातीत असतात. ते स्कॅनमध्ये दिसले की सुईनं तुकडा काढण्यापर्यंत गोष्ट जाते आणि निघत काही नाही. त्याऐवजी फुंकर मारून फुप्फुसांचा दम मोजणारी स्पायरोमेट्री करून घ्या. कराडला सोय होईल, फार खर्चही नाही.

दोन आठवड्यांवर खोकला टिकला, बेडक्यातून रक्त आलं, आवाज बसला तो बसलाच, किंवा काही न करता वजन उतरू लागलं, तर मात्र थांबायचं नाही. सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची टीबीची तपासणी, दोन्ही त्याच आठवड्यात. इथं एक नेहमीची चूक होते. बेडक्यात टीबी सापडलेला नसतो, तरी एक्स-रेवरचा डाग बघून टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि तीन-चार महिने त्यातच जातात. गोळ्या घेऊनही महिना-दीड महिन्यात काहीच उतार नसेल, तर "आता सीटी करू या का?" हे तुम्हीच विचारायचं.

आणि मशेरी! पत्रात तुम्ही ती 'तेवढी' म्हणून सोडून दिलीत. ती फुप्फुसाला नाही, तोंडाला धरते. सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर होण्याची भीती फुप्फुसाच्या कॅन्सरपेक्षा धरायला हवी. महिन्यातून एकदा उजेडात गालाच्या आतून, जिभेच्या कडेला आणि खालच्या ओठामागं बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम, किंवा तीन बोटं उभी मावणार नाहीत इतकं आकसलेलं तोंड दिसलं, तर दाखवायला न्या. तव्यावर तंबाखू भाजताना सुटणारा तो खाट घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो, ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. घरात रोजचं भांडण कशावरून होत असेल? भाकरीवरून. चुलीवरची भाकरी आणि गॅसवरची भाकरी. पण तुमच्या घरात पहिला हात घालायचा तो बंबाला. थोडा हिशेब करू.

वीस लिटरची बादली थंडीत २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. गॅसवर तेवढंच पाणी तापवलं, तर ७० ते ७५ ग्रॅम गॅस जातो, कारण शेगडीची निम्म्याच्या आसपास आच भांड्याबाहेर वाया जाते. सात माणसं, सात बादल्या, म्हणजे रोज अर्धा किलो गॅस आणि महिन्याला पंधरा किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. एक अख्खा सिलिंडर नुसता आंघोळीत वाहून गेला! म्हणून कुठलंही शहाणं घर पाणी गॅसवर तापवत नाही, आणि म्हणूनच गॅस येऊन इतकी वर्षं झाली तरी बंब पेटतोच. आता भाकरी बघा. सात माणसांच्या वीसेक भाकऱ्यांना मध्यम आचेवर पाऊण-एक तास धरा. शंभर ते दीडशे ग्रॅम, महिन्याला तीन ते साडेचार किलो. म्हणजे भाकरी गॅसवर आणणं परवडतं, पाणी आणणं परवडत नाही. तर भाकरी गॅसवर आणि बंब घराबाहेर.

बंब बाहेर म्हणजे किती बाहेर? दारा-खिडक्यांपासून निदान दहा फूट. वर पत्रा, पश्चिमेकडून आडोसा, बाकी बाजू मोकळ्या. पावसाळी वारा आपल्याकडं पश्चिमेचा, त्यामुळं जागा घराच्या पूर्वेला मिळाली तर चार महिने धूर घरापासून लांब जातो. सासूबाईंची पहिली तक्रार येईल ती शेवाळलेल्या फरशीवरून उकळतं पाणी आणण्याची, आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय असा : बंब अडीच-तीन फुटांच्या कट्ट्यावर ठेवा, त्याच्या तोटीला नळी जोडून भिंतीतून न्हाणीत काढा. नळी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) किंवा सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) घ्या. साधी पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडून खाली लोंबते आणि सांध्यात गळते.

बंब धुमसतो तो बहुतेकदा भरणाऱ्याच्या घाईनं. पहाटे मधली नळी तोंडापर्यंत ठासून भरायची, आत ओली ढलपी, वर झाकण, आणि आपण दुसऱ्या कामाला. खालच्या जाळीखाली कालची राख तशीच. हवा खालून शिरत नाही, लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसत राहतं. जळण धुमसलं की ज्वाळेत जळून जायला हवी ती द्रव्यं धूर होऊन बाहेर पडतात, बेंझोपायरीनसारखं कॅन्सर करणारं द्रव्यही त्यातच. म्हणून राख रोज काढायची, नळी एकतृतीयांशच भरायची, मनगटाहून बारीक कोरडे तुकडे थोडे थोडे टाकायचे. नळीचं वरचं तोंड झाकायचं नाही, तेच तिचं धुराडं आहे.

ऐपत असेल तर दोनशे लिटरचं सौर बंब बसवा. सात माणसांना शंभर लिटर पुरत नाही. कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर ऊन नसतं, तेव्हा विजेचा रॉड लागेलच. १५०० वॉटचा रॉड एक बादली वीसेक मिनिटांत तापवतो. बादली प्लॅस्टिकची, अर्थिंग तपासलेलं, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. हे घरातल्या पोरांना ओरडून सांगा.

आता एक धोक्याची गोष्ट, जी पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात : गॅस आणि चूल एकाच घराचा भाग. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, आणि आपली चूल जमिनीवरच असते. सिलिंडर आणि पेटती चूल एका खोलीत नकोच. शेगडी ओट्यावर, सिलिंडर उभा, रबरी नळी पाच वर्षांत बदललेली. धुराच्या भीतीनं सुरुवात करून भडका उडायला नको.

गॅसवरची भाकरी फुगत नाही म्हणतात, तेव्हा दोष बहुधा तव्याचा आणि पिठाचा असतो. नॉनस्टिक किंवा पातळ पत्र्याचा तवा चालत नाही, जाड लोखंडी तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. शाळूचं पीठ आठवड्याच्या आतलं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, मग काठ फाटतात आणि वाफ बाहेर पळते. तशा पिठाला कढत पाणी घालून मळा. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की लगेच उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर पापुद्रा कडक होतो आणि सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की तवा उतरवून पहिली बाजू थेट ज्वाळेवर. चुलीच्या निखाऱ्यासारखा खरपूस वास तिला येणार नाही, हे कबूल करून टाका. खोटं बोललात तर पहिल्याच घासाला पकडल्या जाल. आणि फोडणी-तळण करताना खिडकी उघडी ठेवा, तेलाच्या कडक धुरालाही तज्ज्ञांनी 'बहुधा'च्याच गटात घातलं आहे.

चूल कायमची मोडू नका, सणावाराला, मटणाला, पाहुण्यांच्या मोठ्या भांड्याला ती लागणारच. पण ती पडवीत किंवा परसात न्या. आतच, पण सिलिंडरपासून वेगळ्या खोलीत ठेवायची असेल तर धुराडं बसवा. चार इंची पत्र्याचा नळ, चुलीच्या मागच्या अंगाला, सरळ वर, मध्ये कोपर न घेता. वरचं टोक छपराच्या माथ्यापेक्षा दोन फूट उंच, त्यावर पाऊस अडवणारी टोपी, पण टोपी आणि नळ यांत चार बोटांची फट. फट नसली की वारा धूर उलटा खाली ढकलतो. नळ वाशांना टेकू देऊ नका, वासा आतून कोळपत जातो. भांडं चुलीच्या तोंडावर गच्च बसलं पाहिजे, फटीतून धूर आला तर धुराडं असून नसल्यासारखं. दर महिन्याला काठीला गोणपाट गुंडाळून नळातली काजळी पाडायची. एके काळी सरकारी योजनेतून 'निर्धूर चुली' गावोगाव बसल्या. त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या, काजळीनं तुंबलेले नळ हे त्याचं एक कारण.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर थांबा. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ स्वतःच फुप्फुसाचा कॅन्सर करते. त्याला ग्राइंडरनं भोक पाडू नका, नळ भिंतीतून बाहेर काढून वर न्या. धुराड्यासाठी ॲस्बेस्टॉसचा जुना नळही कुणी फुकट देत असेल तरी नको.

जळणाचं वेळापत्रक सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, तेव्हा ते त्यांच्याच हाती द्या. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. होळीच्या आत तोडून, फोडून, मृगाच्या आधी छपराखाली गेलं तरच ते आषाढात जळतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणक आवाज आला तर वाळलंय, दबका आला तर नाही. शेणी लाकडापेक्षा जास्त धुरतात, त्या आतल्या चुलीला घालू नका. पेटवायला चिपाड किंवा नारळाची शेंडी. प्लॅस्टिकची पिशवी आणि टायरचा तुकडा अजिबात नाही.

नाकाला पदर लावल्यानं धूर अडत नाही. त्यातले घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे, लुगड्याच्या विणीतून सहज पार होतात. वर्षभराच्या सरासरीत हे कण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भारताची मर्यादा ४० आहे. बंद घरात चूल पेटली की तो आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो.

गोठ्यात तीन-चार मोठी जनावरं असतील तर गोबर गॅसचा विचार जरूर करा. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, त्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. शेण पुरत नसताना मोठं सयंत्र बांधणं हीच त्यातली मुख्य फसगत, दोन वर्षांत तो नुसता खड्डा उरतो.

नणंदेच्या बाळंतपणाचं मात्र आजच ठरवा. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारं-खिडक्या बंद, वर ओवा-शेपाची धुरी, हा शेक बंद. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून खोली सुरक्षित वाटते आणि माणूस झोपेतच जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना घरातल्या धुरानं न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, आणि चार दिवसांच्या बाळाचा दम तो केवढा. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून बाळंतिणीच्या कमरेला द्या, बाळाला नाही. बाळाला ऊब आईच्या उघड्या छातीशी धरून, डोक्याला टोपडं घालून. ओवा आणि शेपा धुरीत जाळण्यापेक्षा बाळंतिणीच्या खाण्यात घाला, सासूबाईंचाही मान राहील.

त्यांच्याशी बोलताना 'चूल बंद' हे शब्द काढू नका. चाळीस वर्षं जिच्यापुढं बसल्या तिला सून बंद करणार, असंच त्या ऐकतील. "बंब बाहेर नेऊ, बाळ येतंय" एवढंच म्हणा. भाकरीचं बोलणं महिनाभरानं काढा.

शेजारच्या काकूंच्या घरच्यांनाही एक निरोप द्या. एका माणसाचा कॅन्सर नेमका धुरानंच झाला, असं कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, त्यामुळं घरात एकमेकांना दोष देत बसू नका म्हणावं. काढलेल्या तुकड्याची जनुकांची तपासणी झाली का, ते मात्र विचारा. बिडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल बऱ्याचदा सापडतो, आणि तो असेल तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. किमोथेरपी सुरू होण्याआधी हे विचारायला हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. जाताना रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर भरती होण्याच्या आधी जा.